जर–तर

दहा दिवसांचं शिबीर, जिंतूरच्या शाळेत, मे महिन्यात.
सकाळी साडेसात ते अकरा.
त्यानंतर पत्रे कडकड बोलायला लागतात
आणि माझं कुणाला ऐकू येत नाही.
पेटीत सहा गाड्या, चोवीस चाकं,
बारा सेन्सर (त्यातले दोन आधीच आंधळे)
आणि तीन लॅपटॉप,
एकाचं स्पेसचं बटण निघालेलं.

पहिल्याच दिवशी फजिती.
गाडीनं काळ्या पट्टीवरून चालायचं असतं
आणि आमची फरशी शहाबादी.
काळ्यावर काळं. तिला दिसणार काय?
जागीच थरथरली बेचाळीस अंशांत
थंडी वाजल्यासारखी.

मी पुस्तिकेत उत्तर शोधत होते
तोवर सुमेध खिल्लारे गायब.
आला तो खांद्यावर फ्लेक्स घेऊन,
कुणातरी भाऊंच्या वाढदिवसाचा,
मागच्या साली लागलेला, दहा बाय आठ.
भाऊंना आम्ही पालथं घातलं.
पाठ त्यांची अगदी स्वच्छ पांढरी निघाली.
तिच्यावर चिकटवली पट्टी, अंड्याच्या आकाराची,
अन् गाडी निघाली.

मला घरी एकच वाक्य ऐकवून वाढवलंय:
जर-तरला काही अर्थ नसतो.
जर बारावीला चार मार्क जास्त पडले असते,
जर लातूरला खोली परवडली असती,
तर.
तर ताटातलं गार होतं, दुसरं काही होत नाही.
आणि इथं रोज फळ्यावर मी
तेवढंच लिहिते:
जर डाव्या डोळ्याला काळं दिसलं
तर डावं चाक थांबव.
नाहीतर चालत राहा.

मुलं ते पाढ्यासारखं म्हणतात.
अर्शिया म्हणत नाही. ती विचारते,
"मॅडम, अन् काहीच नाही दिसलं तर?
पट्टीच सुटली तर कुठं जायचं तिनं?"
पुस्तिकेत हे सातव्या दिवशी आहे.
तो चौथा दिवस होता.

पाचव्या दिवशी गाडीला वेड लागलं.
दहाच्या सुमाराला, एकाच वळणावर,
गरागरा फिरायची.
सेल बदलले, तारा बदलल्या,
कोड पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचला.
वीस मिनिटांनी वेड दोन वीत पुढं सरकलं.
मी घाम पुसत होते.
अर्शिया पोटावर झोपली, गाल फ्लेक्सला लावून,
आणि तिथूनच ओरडली,
"उसे धूप लगरी, मॅडम!"

सगळे हसले. मीही.
मग वर बघितलं.
पत्र्याला एक भोक,
त्यातून रुपयाएवढं ऊन
नेमकं पट्टीवर उतरलेलं.
तिथं आल्यावर सेन्सर दिपायचा,
पट्टी असून नसल्यासारखी व्हायची.

सुमेध निघाला भोक बुजवायला, चिखलाचा गोळा घेऊन.
अर्शियानं त्याला हाताला धरून बसवलं.
"उद्या दुसरं पडंल. तिलाच शिकवू."

मग तो बटण निघालेला लॅपटॉप मांडीवर घेऊन
तिनं ठोकळ्यावर ठोकळा रचला.
जर कुठल्याच डोळ्याला काही दिसलं नाही,
तर चार बोटं सरळ जा.
थांब. डावीकडं बघ. उजवीकडं बघ.
सापडेपर्यंत.
अशा जुडग्याला नाव द्यावं लागतं.
मी सुचवलं, शोध.
तिनं टाइप केलं: घाबरूनको.
स्पेस नव्हतीच,
म्हणून दोन शब्द एकमेकांना धरून बसले.

दुसऱ्या दिवशी दहाला
गाडी उन्हाच्या रुपयावर आली, थबकली,
चार बोटं गेली.
मी दोन्ही हात दुपट्ट्यात गुंडाळून उभी होते.
डावीकडं बघितलं तिनं.
उजवीकडं.
आणि चालू लागली.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
सुमेध नुसता म्हणाला, "हां."

फ्लेक्स त्यानं परत नेला.
आता तो शेळ्यांच्या छपरावर आहे,
पट्टी आभाळाकडं,
भाऊ शेळ्यांकडं बघत.

शेवटी पेटीची मोजदाद.
गाड्या सहा. सेन्सर बारा.
चाकं तेवीस.
तिघांदा मोजली, तेवीसच.
निघताना अर्शियाच्या दप्तराचा कप्पा
जरा फुगलेला होता, मी पाहिलं होतं.
नोंदवहीत रकाने दोनच:
हरवले. तुटले.
मी दोन्हींवरून आडवी रेघ ओढली
आणि समासात लिहिलं,
चाक एक, जिंतूरला आहे.